कोतवालीतली कारणे सरली त्याची बखर

श्री सकळ कारणांचा जो स्वामी, त्याचे चरणी लेखकाचे मस्तक असो. शके सतराशे बारा, निरुत्तरनाम संवत्सर, ज्येष्ठ वद्य पंचमी. कोणी आज्ञा केली नसता आणि कोणी विचारिले नसता, केवळ जनांस ठाऊक असावे म्हणोन लिहिले ऐसे जे: राज्याचे नाव लिहीत नाही, कारण त्या राज्यास नावे ठेविलेली खपत नाहीत. राज्य मोठे नामांकित, नद्या भरून, बाजार भरून आणि तुरुंगही भरून. महाराजांचे आजोबा परम न्यायी होते. त्यांच्या कारकिर्दीत एक मनुष्य कोतवालीत मेला आणि कशाने मेला ते कोणास सांगता येईना, तेव्हा आजोबा महाराज संतापले आणि हुकूम केला जे, आमच्या ताब्यात असता कोणी कारणावाचून मरणार नाही. मेला आणि कारण लिहिले नाही, तर त्या जागेच्या अंमलदारास त्याच कोठडीत, त्याच शिपायांच्या स्वाधीन करावे. हुकूम ऐकून प्रजेने गुढ्या उभारिल्या आणि साखर वाटली. मग मुत्सद्दी मंडळींनी बसून विचार केला की हुकूम दोन प्रकारे पाळिता येईल, मरणे थांबवावी किंवा कारणे लिहावी. पैकी मरणे थांबवावयास माणसांच्या सवयी मोडाव्या लागतात आणि कारणे लिहावयास एक बोरू पुरतो. येणेकरून दरबारी नवी असामी निर्माण जाहली. चिटणीस पत्रे लिहीत, सबनीस हजेरी लिहीत आणि कारणनीस कारणे लिहू लागले.

ही असामी वंशपरंपरेने गिरमाजीपंतांकडे आली. पंत मनाने फार हळवे. घरात झुरळ निघाले तरी सुपलीत घेऊन अंगणात सोडीत. कोतवालीत मात्र त्यांनी जन्मात पाऊल ठेविले नव्हते; म्हणत, प्रत्यक्ष पाहिल्याने लेखन बिघडते. घरीच पाटावर बसून, शेजारी पानाचे तबक ठेवून, शिपाई जे सांगे त्यास ते शोभेसे कारण देत. स्नानास गेले असता पाय घसरला. छातीत कळ आली. पश्चात्तापाचा उमाळा येऊन भिंतीवर स्वतःच मस्तक आपटिले. एकाचे तळपाय फुटले होते, तेथे पंतांनी लिहिले जे, मयताने पूर्वी अनवाणी पुष्कळ तीर्थयात्रा केली असावी. तेणेकरून मयताचे घरच्यांसही पुण्यवान मनुष्य गेल्याचे समाधान वाटले. पंतांचे अक्षर मोत्यांसारखे आणि भाषा गोड, ऐसी की एकदा महाराजांनी एक कारण वाचून डोळे टिपले आणि पंतांस शालजोडी दिली. ज्याचे कारण होते तो शालीवाचून गेला, परंतु त्यास आता थंडी कसली.

महाराजही स्वस्थ बसणारे नव्हते. त्यांनी कोतवालीत फळा लाविला, त्यावर ठळक लिहविले की कैद्यास मारू नये. कोतवालांनी फळा डोक्यावर घेतला आणि भिंतीस मोठा खिळा ठोकून टांगिला, आणि त्याच खिळ्यास आसूड टांगिला, म्हणजे भिंतीस दुसरे भोक नको. मग महाराजांनी उंच कोनाड्यात एक नेत्रपाल बसविला, त्याने अष्टौप्रहर डोळे उघडे ठेवून आत काय घडते ते पाहावे आणि दरबारी सांगावे. नेत्रपाल मोठा इमानी, भिंतीवरची पाल हलली तरी सांगे. परंतु कैद्याची विचारपूस सुरू जाहली की नेमके त्याचे डोळे येत आणि तो औषधास घरी जाई. मग वैद्य नेमिला, त्याने प्रत्येक कैद्याची प्रकृती पाहावी. वैद्य रोज येई, उंबऱ्याबाहेरून पाही आणि म्हणे, 'दिसतो आहे बरा.' ऐसा चोहीकडून बंदोबस्त जाहला आणि मरणारे मरत राहिले, परंतु आता फार बंदोबस्तात मरू लागले.

कोतवाल होते सुभानराव. गृहस्थ दिलदार, आल्यागेल्यास विडा दिल्याशिवाय सोडीत नसत, आणि आत गेल्यास तर सोडीतच नसत. ते एके दिवशी पंतांकडे आले आणि म्हणाले, "पंत, तुमच्या कारणांस तोड नाही, पण येतात फार उशिरा. मनुष्य दोन प्रहरी जातो, तुमचे कारण दिवेलागणीला. मधल्या वेळी घरची माणसे दारात बसून असतात. बायका रडतात, म्हातारी माणसे उन्हात तिष्ठतात. बघवत नाही हो." पंतांचे काळीज पाण्यासारखे, ते लागलेच हलले. म्हणाले, "अरेरे! लोकांचे एवढे हाल होतात हे मला कोणी सांगितलेच नाही." मग पंतांनी निरनिराळी कारणे आगाऊच लिहिली, खाली मोर्तब केले, नाव आणि वय यांची जागा कोरी ठेविली आणि गठ्ठा बांधून कोतवालीत पाठविला. तेव्हापासून मनुष्य जाण्यास आणि कारण मिळण्यास विलंब म्हणून राहिला नाही. पंतांस दुपारची झोपही सापडू लागली. लोकसेवा करिता आपलेही थोडे भले होते, ते ऐसे.

पुढे याच ज्येष्ठ मासी सरकारी हत्तीच्या गळ्यातील रुप्याची घंटा नाहीशी जाहली. हाहाकार उडाला. हत्तीचे तोंड उतरले नाही, परंतु महाराजांचे उतरले, आणि सुभानरावांनी चोर धरावयास शिपाई सोडिले. कोतवालीची तपासाची रीत पुरातन आणि कधी न चुकलेली, ती ऐसी की जो प्रथम विचारील 'काय हो, काय झाले?' त्यास धरावे, कारण निर्दोष मनुष्य सरकारी कामात चौकशा करीत नाही. हत्तीखान्यावरून गिरमाजीपंतांचा मेहुणा केसो जात होता. पोर नुकता पाठशाळेतून सुटलेला, विचारण्याची खोड गेलेली नव्हती. त्याने विचारिले, "काय हो, काय झाले?" आणि त्यास धरिला. त्याबरोबर धोंडो नामे एक तांबट धरिला. त्याने काही विचारिले नव्हते, पण घंटा धातूची आणि तोही धातूच ठोकणारा, येवढा संबंध कोतवालीस पुष्कळ जाहला.

पंत जेवून आडवे जाहले होते. त्यांचे कुटुंब सगुणाबाई मागील दारच्या बायकांकडून वर्तमान ऐकून आल्या आणि उभ्याच राहिल्या.

"अहो, उठा. आमच्या केसोला कोतवालीत नेला."

"असे? काही गैरसमज असेल. काळजी करू नको. महाराजांचे राज्य आहे."

"म्हणूनच तर करत्ये. उठा आधी."

"अग, तिथे फळा आहे, नेत्रपाल आहे, वैद्य आहे…"

"आणि तुम्ही आहात," सगुणाबाई बोलल्या. "तिथे जो गेला तो कशाने गेला, ते तुम्हीच लिहिता ना इतकी वर्षे? मग मला एवढेच सांगा, माझा भाऊ कशाने जाणार? पाय घसरून की छातीत कळ येऊन? आईला सांगावे लागेल मला."

पंत उठून बसले. पागोटे बांधू लागले ते तीनदा सुटले. आजवर ज्या घरात कारण पोहोचे त्या घराचे तोंड पंतांनी पाहिले नव्हते, ते आज स्वयंपाकघराच्या दारात पदर खोचून उभे होते. मग पंत वहाणा घालून निघाले आणि जन्मात प्रथम कोतवालीची पायरी चढले.

सुभानरावांनी उठून मिठीच मारिली. "अहो, पंत! तुमचे पाय इकडे? कोण आहे रे, विडा आणा!" पंतांनी वर पाहिले, तो कोनाडा रिकामा. "नेत्रपाल कोठे?" "त्याचे डोळे आले." म्हणजे विचारपूस सुरू होती; आतून कोणी ओरडत होता आणि आवाज ओळखीचा होता. मग त्यांची दृष्टी चौरंगावर गेली. तेथे त्यांचेच एक कारण, त्यांच्याच मोत्यांसारख्या अक्षरात, वाळावयास ठेविले होते, आणि कोऱ्या जागी कारकुनाने ओल्या शाईने भरिले होते: केसो महादेव, वय चोवीस. स्नानास गेले असता.

पंत म्हणाले, "राव, हा… हा तर जिवंत आहे ना?"

"आहे की! ऐकू येत नाही का? तो ओरडतो तोच."

"मग हे?"

"तयारी असावी हो. तुम्हीच मागे कळवळलात, घरच्या लोकांस तिष्ठत ठेवू नये म्हणून."

"राव, मी त्याच्या घरचाच आहे. माझा सख्खा मेहुणा तो."

"अरेरे!" सुभानराव मनापासून हळहळले. "मग तर तुम्हास तिष्ठावे लागायला नकोच." आणि मग क्षणभराने त्यांच्या ध्यानात सगळे आले आणि ते आपल्या मांडीवर थाप मारून हसले. "अहो, आधी बोलायचे! तुमचे मेहुणे ते आमचे मेहुणे. घेऊन जा घरी. हळद लावा, दूध पाजा. आपल्यात हे काय?"

पंतांस हर्षाने रडू आले. आत गेले. कोठडीत केसो भिंतीस टेकून बसला होता, तळपाय सुजून फुगलेल्या पोळीसारखे जाहले होते आणि त्यास कोणी आपले पागोटे फाडून गुंडाळिले होते. शेजारी धोंडो तांबट उघड्या डोक्याने पालथा पडला होता. पंत म्हणाले, "ऊठ बाळ, सुटलास. ताईने बोलाविले आहे." केसो म्हणाला, "दाजी, आणि हे?"

"हे कोण?"

"हे तांबटकाका. शिपाई मला विचारायचे, घंटा कुणी नेली, आणि मी सोसेना म्हणून तोंड उघडले की हे मध्येच ओरडायचे, 'मी नेली, मी नेली!' म्हणजे मार तिकडे वळायचा. मग ते शिपाई विचारायचे कुठे ठेवलीस, आणि यांना सांगता यायचे नाही. सकाळपासून माझा अर्धा मार यांनी खाल्ला आहे. मी निघालो की उरलेलाही यांच्याच वाट्याला. मी नाही येत."

"अरे, वेडा की काय तू? ताई दारात उभी आहे!"

पालथा पडल्यापडल्याच धोंडो बोलला, "जा की रं लेकरा. कोतवालीतनं चालत बाहेर पडायचं भाग्य आमच्या आळीत कुणाला मिळालं नाही. मला बघू तरी दे कसं दिसतं ते." आणि हसावयास गेला, तो खोकला आला आणि तोंडास रक्त आले. पंतांनी इतकी वर्षे रक्त हा शब्द कारणात कधी वापरिला नव्हता, अशुभ दिसतो म्हणोन; तो रंग त्यांनी आज पाहिला आणि भिंतीचा आधार घेतला.

मग बाहेर येऊन म्हणाले, "राव, दोघांसही सोडा."

"दोघे कसे सोडू, पंत? घंटेस चोर नको का?"

"पण घंटा तर सापडली म्हणे! मघा वाटेतच ऐकिले. हत्तीने स्वतःच तळ्याच्या चिखलात तुडविली होती."

"तीच तर अडचण झाली आहे ना!" सुभानराव काकुळतीस आले. "हरवली होती तोवर चोर पळाला म्हणता येत होते. आता घंटा हजर आणि चोर गैरहजर, हे कसे दिसेल? हत्तीवर का खटला भरू? तो सरकारी नोकर आहे. तेव्हा ऐका माझे. आपला माणूस न्या आणि तांबट राहू द्या. तो तसाही संध्याकाळ काढील असे वाटत नाही. फक्त जाताना येवढे करा, या कारणावरचे केसोचे नाव खोडा आणि तिथे धोंडो तांबट लिहा. तुमच्या हातची असल्याशिवाय खाडाखोड चालत नाही, नियम कडक आहेत." आणि बोरू शाईत बुडवून आदराने पुढे केला.

पंतांनी बोरू घेतला. शेकड्यांनी कारणे लिहिलेला हात, त्यास एका नावाचे काय ओझे? परंतु हात उचलेना. आजवर जी माणसे लिहिली ती मेल्यावर लिहिली होती आणि न पाहता लिहिली होती. हा आत खोकत होता आणि याचे पागोटे मेहुण्याच्या पायास होते. बोरूच्या टोकाची शाई पंतांच्या धोतरावर गळाली. मग पंतांनी बोरू खाली ठेविला, घसा खाकरिला आणि फार सौजन्याने म्हणाले, "राव, ह्या कारणांचा गठ्ठा कोठे आहे? मागच्या वेळी घाईत लिहिली, शुद्धलेखनाच्या चुका राहिल्या आहेत. महाराजांच्या नजरेस पडल्या तर माझी नाचक्की. नेतो आणि सुधारून पाठवितो." सुभानराव शुद्धलेखनास भीत असत. त्यांनी सगळा गठ्ठा काढून दिला. पंतांनी चौरंगावरचे ओले कारणही त्यात घातिले, गठ्ठा उपरण्याखाली धरिला आणि विडा न घेता घरी आले. सगुणाबाईंनी विचारिले, "केसो कुठे आहे?" "आत आहे. पण आज मरत नाही." मग दोघांनी मिळून गठ्ठा न्हाणीच्या चुलीत घातिला. पाणी उत्तम तापले.

इकडे कोतवालीत शिपायाने आसूड उचलिला, आणि कारकून ओरडला, "अरे, थांब! कारण शिल्लक नाही!" शिपायाचा हात वरच राहिला. सुभानरावांस आजोबा महाराजांचा हुकूम आठवला, त्याच कोठडीत, त्याच शिपायांच्या स्वाधीन. आणि शिपाई आपल्याकडे मोजमाप घेतल्यासारखे पाहत आहेत ऐसे त्यांस वाटू लागले. मग एकच धावपळ उडाली. वैद्यास उचलून आणिला आणि त्याने नेमणूक जाहल्यापासून प्रथमच कैद्याची नाडी धरिली, ती कोठे असते हे विचारून घेऊन. दूध आले, तूप आले, घोंगडी आली. धोंडोने कूस बदलली की शिपाई उभे राहत, आणि तो खोकला की सुभानराव स्वतः पाठीवरून हात फिरवीत आणि म्हणत, "सावकाश, तांबटबुवा, सावकाश. घाई कसली?" कोनाड्यातल्या नेत्रपालाचे डोळे तत्काळ बरे जाहले आणि पूर्वी कधी दिसले नव्हते इतके दिसू लागले.

दुसरे दिवशी सुभानरावांनी दरबारात गाऱ्हाणे घातले जे, कारणनीस कारणे देत नाहीत, सबब कोतवालीचे कामकाज बंद पडले आहे. महाराजांनी पंतांस बोलाविले आणि ममतेने विचारिले, "पंत, तुमच्यासारखा हुशार लिहिणारा, आणि कारण देता येत नाही?"

पंतांनी हात जोडिले. खरे बोलावे तर डोके जाते आणि खोटे लिहावे तर मेहुणा जातो आणि तांबटही जातो. म्हणाले, "महाराज, वय झाले. पूर्वीसारखी सुचत नाहीत. काल पाटावर बसलो, तर जे खरे तेवढेच सुचत होते."

महाराज भोळे. म्हणाले, "मग त्यात काय बिघडले? खरे तेच लिहीत जा. आमची आज्ञा आहे."

दरबारात चवऱ्या ढाळणाऱ्यांचे हात थांबले. पंतांनी चटकन मुजरा केला. "जशी आज्ञा. मग आजपासून मयताच्या नावापुढे मार असे लिहितो, आणि ज्याच्या हातून तो बसला त्याचे नाव, आणि ज्याने तो सांगितला त्याचेही नाव." महाराजांनी कौतुकाने मान डोलाविली, कारण त्यांचे लक्ष हत्तीच्या घंटेकडे होते. सुभानराव मात्र दरबार उठण्याची वाट न पाहता, मागच्या मागे सरकत, दारास पाठ लागताच कोतवालीकडे पळत सुटले.

दोन प्रहरी कोतवालीचा दरवाजा उघडला. बाहेर तिरडीचे बांबू घेऊन बसलेले लोक रीतीप्रमाणे उठून उभे राहिले. आतून केसो आणि धोंडो एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून लंगडत लंगडत आले. सगुणाबाई पुढे जाहल्या, त्यांनी भावाचे तोंड कुरवाळिले, आणि मग धोंडोच्या उघड्या डोक्याकडे पाहून पंतांच्या डोक्यावरचे पागोटे उचलून त्याच्या डोक्यावर ठेविले. धोंडो लाजला. "वैनी, हे मोठ्या माणसाचं हाय." "म्हणूनच तर तुम्हाला घातले," बाई बोलल्या. पंत बोडक्या डोक्याने शेजारी उभे होते, त्यांनी काही हरकत घेतली नाही. त्या आठवड्यात कोतवालीत कोणी घसरले नाही, कोणास कळ आली नाही आणि पश्चात्तापही कोणास जाहला नाही.

परंतु राज्य म्हणजे काही बिनमुत्सद्द्यांचे नव्हे. आठवडा सरल्यावर त्यांनी महाराजांस एकांती नेले आणि काय आज्ञा केली गेली ते समजावून सांगितले. महाराज फार चपापले आणि म्हणाले, "'खरे' म्हणजे ते असते, हे आम्हास आधी का नाही सांगितले?" मग आज्ञा मागे घेतली, गिरमाजीपंतांच्या दीर्घ सेवेचा गौरव केला, शाल आणि श्रीफळ देऊन त्यांस विश्रांतीस पाठविले, आणि त्यांच्या जागी एक तरुण कारणनीस नेमिले, चपळ, उत्साही, अक्षर पंतांपेक्षाही सुरेख. त्याच संध्याकाळी सुभानराव त्यांच्या घरी विडा घेऊन गेले आणि म्हणाले, "एक कारण पाहिजे होते, आगाऊ."

नवे कारणनीस बोरू सरसावून बसले. "कोण मयत?"

"अजून कोणी नाही," सुभानराव म्हणाले. "गिरमाजीपंतांचे वय काय असावे हो?"

येणेप्रमाणे हकीकत आहे. तात्पर्य काढण्याचा लेखकास अधिकार नाही, तो दरबारचा. लेखकाचे लिहिणे येवढ्याचकरिता की, आज मितीस गिरमाजीपंतांची प्रकृती उत्तम आहे. दोन्ही वेळा जेवितात, देवळाच्या पायऱ्या न थांबता चढतात, गाढ झोपतात, कसलेही जुने दुखणे नाही आणि आयुष्याचा कंटाळा म्हणाल तर मुळीच नाही. हे लेखकाने स्वतः पाहिले आणि शेजारच्या माणसांनीही पाहिले. पुढे कोणी काही निराळे लिहिल्यास आधी हे वाचावे. लेखनसीमा.